ग्रिफिनला विट म्हणायचं, तर आधी कॅन्सस सिटी व्हा

प्रति,
श्री. बॉब नटिंग,
मालक, पिट्सबर्ग पायरेट्स

पिट्सबर्ग, नोव्हेंबर २०२५



नटिंगसाहेब, तुमच्या पॉल स्कीन्सला या महिन्यात साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळाला. पहिल्या पसंतीची सगळी मतं एकट्याला. नऊ डावांमागे सरासरी १.९७ धावा देणारा पिचर, पण त्याच्या नावावर जय १० आणि पराजयही १०, कारण त्याच्यासाठी धावा काढायला मैदानात फारसं कोणी नव्हतं. संघ १६२ पैकी ९१ सामने हरला. एवढा मोठा सन्मान गावात आला, तरी इथे न्हाव्याच्या खुर्चीपासून ऑफिसच्या कॅन्टीनपर्यंत चर्चा चालली आहे ती वेगळ्याच माणसाची. वय १९, मेजर लीग बेसबॉलमधले सामने शून्य, नाव कॉनर ग्रिफिन. आणि प्रत्येक चर्चा शेवटी एकाच वाक्यावर येऊन थांबते: हा पुढचा बॉबी विट ज्युनियर आहे.

ही तुलना तुम्ही सुरू केलेली नाही, हे मान्य. ती स्काउटांची, वार्ताहरांची, निवेदकांची. पण तिच्या जोरावर पुढच्या वर्षीची तिकिटं खपणार आहेत ती तुमची. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मराठी वाचकांसाठी आधी थोडी ओळख. ग्रिफिन मिसिसिपी राज्यातला. शाळेचं शेवटचं वर्ष त्याने एक वर्ष अलीकडे ओढलं आणि २०२४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या त्या वार्षिक सोहळ्यात, तो नवव्या क्रमांकावर पिट्सबर्गच्या वाट्याला आला. त्याच्या आधी निवडले गेलेले आठही जण कॉलेजात खेळलेले. शाळेतून थेट आलेल्यांत हा पहिला. उंची सहा फूट चार इंच, धाव वाऱ्यासारखी, फेक दणदणीत. शंका होती ती फक्त बॅटबद्दल. त्याचा स्विंग मोठ्या पिचरांसमोर टिकणार नाही, असं कित्येकांचं मत होतं. २०२५मध्ये त्याने त्याचं उत्तर दिलं. फ्लोरिडातल्या ब्रेडेन्टनपासून सुरुवात करून, ग्रीन्सबरो ओलांडून, वर्षअखेर अल्टूनापर्यंत, म्हणजे एका हंगामात मायनर लीगच्या तीन पायऱ्या. १२२ सामने, सरासरी .३३३, होमरन २१, चोरलेले बेस ६५. उगवत्या खेळाडूंच्या याद्यांत आता तो सगळ्यांत वर आहे.

(ब्रेडेन्टन हे नाव आम्हा भारतीयांना तसं परकं नाही. २००८मध्ये तुमच्याच क्लबने उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं आणि पुढे ते तिथेच घडले. बेसबॉल त्यांनी आयुष्यात पाहिलाही नव्हता. त्यांची तुलना कोणाशी करावी हे कोणालाच सुचलं नाही, हे त्या दोघांचं एक भाग्यच म्हणायचं.)

आणि विट? कॅन्सस सिटी रॉयल्सचा शॉर्टस्टॉप. बाप बॉबी विट सोळा वर्षं मेजर लीगमध्ये पिचर होता. बाप १९८५च्या ड्राफ्टमध्ये तिसरा, मुलगा २०१९मध्ये दुसरा. २०२४ साली या मुलाने .३३२च्या सरासरीने अमेरिकन लीगचा फलंदाजीचा किताब घेतला, ३२ होमरन मारले, ३१ बेस चोरले, क्षेत्ररक्षणासाठी गोल्ड ग्लव्ह मिळवला आणि सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात ॲरन जजच्या मागोमाग दुसरा आला. त्या वेळी तो २४ वर्षांचा होता. अजून चढतीच कमान आहे.

तेव्हा तुलनेत तथ्य नाही असं मुळीच नाही. दोघे उजव्या हाताचे, दोघे शॉर्टस्टॉप, दोघांकडे ताकद आणि वेग एकाच अंगात. असे खेळाडू दशकातून दोन-चार निघतात. स्काउट मंडळी खेळाडूच्या प्रत्येक गुणाला २० ते ८० असे अंक देतात, ५० म्हणजे मेजर लीगमधली सर्वसाधारण पातळी. या पद्धतीचं श्रेय बऱ्याचदा ब्रँच रिकी यांना दिलं जातं, आणि रिकी पुढे तुमच्याच क्लबचे जनरल मॅनेजर होते. धाव इतकी, फेक इतकी, बॅट इतकी, ताकद इतकी. असा अहवाल वाचताना मला वधूवर सूचक मंडळाच्या वहीतलं स्थळ आठवतं: उंची, शिक्षण, पगार, पत्रिका सगळं जुळतं, फक्त माणूस कसा आहे ते लग्नानंतर कळणार. अशा आकड्यांनी घरच्यांचं समाधान होत नाही, त्यांना ओळखीचा चेहरा हवा असतो. मग कोणीतरी म्हणतं, अगदी अमक्यासारखा आहे हो. आणि अंकांचा अख्खा तक्ता त्या एका नावात विरघळून जातो.

पण नावं जुळवताना वय जुळवायचं राहून जातं. विट १९ वर्षांचा असताना काय करत होता? ॲरिझोनातल्या नवोदितांच्या लीगमध्ये ३७ सामने, सरासरी .२६२, होमरन एक. एकच. पुढच्या वर्षी, २०२०मध्ये, करोनामुळे मायनर लीग भरलीच नाही आणि त्याचं अख्खं वर्ष सरावात गेलं. या हिशेबाने ग्रिफिन आज विटच्या बराच पुढे आहे. हे वाचून हुरळून जाणारे गावात पुष्कळ आहेत. मला मात्र त्यातून वेगळंच दिसतं: १९व्या वर्षीच्या आकड्यांवरून विटचंच पुढचं भविष्य सांगता आलं नसतं, तर त्याच वयाच्या ग्रिफिनचं ते कसं सांगणार?

तफावती आणखीही आहेत. ग्रिफिन विटपेक्षा तीन इंचांनी उंच आहे आणि अंगाने अजून भरायचा आहे. एवढा धिप्पाड मुलगा पंचविशीतही शॉर्टस्टॉपला राहील का, की त्याला सेंटर फील्डला न्यावं लागेल, हा खरा बेसबॉलमधला प्रश्न आहे. तुमच्याच संघात सहा फूट सात इंचांच्या ओनील क्रूझला २०२४च्या ऑगस्टमध्ये शॉर्टस्टॉपवरून सेंटर फील्डला हलवलं. ग्रिफिन तिथेही खेळलेला आहे, आणि उत्तम खेळतो म्हणतात. पण सेंटर फील्डमधला ग्रिफिन हा कितीही चांगला निघाला, तरी विट नसेल. तेव्हा आज जे लोक ‘पुढचा विट’ म्हणून नाचतात, तेच त्या दिवशी त्याला पडती बाजू समजतील. मुलाची जागा बदलेल, आणि बोलणी मात्र त्याला खावी लागतील.

आम्हा मुंबईकरांना तुलनेच्या या खेळाची सवय आहे, म्हणून सांगतो. २०१३च्या नोव्हेंबरात १४ वर्षांच्या पृथ्वी शॉने हॅरिस शील्डमध्ये एका डावात ५४६ धावा काढल्या. सचिन निवृत्त झाल्याला तेव्हा महिनाही उलटला नव्हता आणि शहराला नवा सचिन हवाच होता. २०१८मध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत त्याने शतक ठोकलं. मग त्याच्यात थोडा सचिन, थोडा सेहवाग आणि चालताना थोडा लारा दिसतो, असं खुद्द भारतीय संघाचे प्रशिक्षक रवी शास्त्री बोलून गेले. तीन माणसांचं ओझं एका १८ वर्षांच्या खांद्यावर, तेही कौतुकाने. सहा वर्षांनी आयपीएलच्या लिलावात त्याला एकाही संघाने घेतलं नाही. त्यात त्याचा स्वतःचा वाटा मोठा होता, हे नाकारत नाही. तुलनेनेच कोणी बुडतो असं मी म्हणणार नाही. पण त्या सगळ्या काळात तंत्रातली अमुक खोट काढायला त्याला किती वेळ आणि कोणाची मदत मिळते आहे, हे विचारणारे फार थोडे होते. सगळे एवढंच पाहत होते, की हा अजून सचिन का झाला नाही.

आता विटकडे परत येतो, कारण त्याच्या गोष्टीतला जो भाग तुलनेतून गळतो तोच तुमच्या कामाचा आहे.

२०२१च्या वसंतातल्या सराव सामन्यांत विटने असा धुमाकूळ घातला, की त्याला तडक मेजर लीगमध्ये घ्या असा गलका झाला. कॅन्सस सिटीने घेतलं नाही. डबल ए आणि ट्रिपल ए या मायनर लीगच्या वरच्या दोन पायऱ्यांवर त्याला वर्षभर खेळवलं, तिथे त्याने ३३ होमरन मारले. त्यानंतर, २०२२मध्ये, हंगामाच्या पहिल्याच दिवशी तो संघात होता. दोन आठवडे मागे ठेवण्याची ती सुप्रसिद्ध हातचलाखी त्यांनी केली नाही. तिच्याबद्दल पुढे बोलतोच.

आणि मग तो चाचपडला. त्या वर्षी सरासरी .२५४, बेसवर पोचण्याचं प्रमाण .३००च्याही खाली. सुरुवातीला तिसऱ्या बेसवर, मग शॉर्टस्टॉपवर. आणि तिथलं त्याचं क्षेत्ररक्षण लीगमधल्या सर्वांत कच्च्यांमध्ये मोजलं गेलं. दोन वर्षांनी ज्याने गोल्ड ग्लव्ह घेतला त्याच माणसाबद्दल बोलतोय मी. मधल्या काळात कॅन्सस सिटीने त्याला ना बाकावर बसवलं, ना खाली पाठवलं. चुका करायला रोज नऊ डाव दिले. २०२३मध्ये त्याने ३० होमरन आणि ४९ चोरलेले बेस असा पल्ला गाठला, रॉयल्सच्या इतिहासात पहिल्यांदाच कोणी तिशी-तिशी गाठली. संघ मात्र त्याच वर्षी १०६ सामने हरला.

एवढी नामुष्की झाल्यावर छोट्या शहरातला मालक काय करेल? पाकीट खिशात खोल ढकलेल. रॉयल्सचे मालक जॉन शर्मन यांनी मात्र २०२४च्या फेब्रुवारीत विटशी ११ वर्षांचा, सुमारे २८ कोटी ८८ लाख डॉलरचा करार केला. त्याआधी त्या क्लबचा सर्वांत मोठा करार ८ कोटी २० लाखांचा होता, साल्वाडोर पेरेझचा. म्हणजे साडेतीन पट उडी, आणि तीही तळाशी असताना. शिवाय मधूनच बाहेर पडायची मुभा खेळाडूला दिली. पुढच्याच हंगामात ८६ विजय आणि नऊ वर्षांनी पहिल्यांदा प्लेऑफ. पहिल्या दिवसापासून त्याला संघात घेतल्याबद्दल नियमानुसार त्यांना २०२५च्या ड्राफ्टमध्ये एक जादा निवडही मिळाली.

विट हा असा घडला, नटिंगसाहेब. कॅन्सस सिटी काही श्रीमंत गाव नाही. त्यांचं मार्केट तुमच्याएवढंच, तुमच्यासारखंच. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसचं उदाहरण दिलं असतं, तर तुम्ही हसून पान उलटलं असतं. या उदाहरणापुढे तसं करता येत नाही. ग्रिफिनची तुलना विटशी होत असेल, तर तुमची तुलना शर्मन यांच्याशी व्हायला हवी. गावात ती कोणी करत नाही, याचं मला नवल वाटतं.

तुमच्या बाजूचा हिशेब थोडक्यात मांडतो. २००७पासून तुम्ही मालक आहात. एवढ्या वर्षांत विजय पराभवांपेक्षा जास्त असलेले हंगाम चार: २०१३, १४, १५ आणि १८. क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्सचा, १० कोटी ६७ लाखांच्या आसपास. विटच्या कराराच्या निम्माही नाही. अँड्र्यू मॅकचेनला तुम्ही २०१२मध्ये सहा वर्षांसाठी ५ कोटी १५ लाखांत बांधलंत. पुढच्याच वर्षी तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, म्हणजे सौदा तुम्हाला भलताच स्वस्त पडला. आणि करार संपत आला तसं २०१८च्या जानेवारीत तुम्ही त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलंत. त्याच सुमारास तुमचा पिचर गेरिट कोल ह्यूस्टनला गेला.

या एप्रिलमध्ये घरच्या पहिल्या सामन्याला आकाशात संघ विकण्याची मागणी करणारा फलक फडकवत विमान फिरलं, ते तुम्ही पाहिलं असेलच. त्याच दिवसांत उजव्या बाजूच्या भिंतीवरचं, पायरेट्सचा जुना महान खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याचं बोधचिन्ह काढून तिथे एका मद्याची जाहिरात लावली गेली आणि आरडाओरडा झाल्यावर बोधचिन्ह परत आलं. ती भिंत २१ फूट उंच आहे, कारण क्लेमेंटेचा क्रमांक २१ होता. मोजून बांधलेल्या भिंतीवर काय टांगायचं एवढं तरी कळायला हवं होतं. असो.

क्लेमेंटेचं नाव निघालंच आहे तर एक आठवण करून देतो. १९५४मध्ये रिकींच्या क्लबने त्याला ब्रूकलिन डॉजर्सच्या मायनर लीगच्या संघातून ४ हजार डॉलरमध्ये उचललं. पहिल्या वर्षी .२५५, तिसऱ्या वर्षी .२५३. आजच्या यादीबहाद्दरांनी त्याला केव्हाच खाली ढकललं असतं. पहिल्या ऑलस्टार सामन्यापर्यंत त्याला सहावं वर्ष उजाडलं. पिट्सबर्गने वाट पाहिली. वाट पाहणं ही या गावाला कोणी शिकवायची गोष्ट नाही, पूर्वी ते इथे येत होतं.

आता त्या हातचलाखीकडे येतो. मेजर लीगमध्ये सेवेचं एक वर्ष म्हणजे १७२ दिवस, आणि अशी सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा. त्यामुळे मुलगा पूर्ण तयार असूनही त्याला पहिले दोनेक आठवडे खाली ठेवायचं, म्हणजे क्लबला त्याचं आणखी एक वर्ष मिळतं. शिकागो कब्जने २०१५मध्ये क्रिस ब्रायंटला असंच ठेवलं. त्याचे दिवस भरले १७१. त्याने तक्रार केली, हरला. कागदोपत्री सगळं चोख. २०२२च्या नव्या करारात याला थोडा लगाम बसला. नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोनांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष मोजून मिळतं, आणि पहिल्या दिवसापासून खेळवणाऱ्या क्लबला जादा निवडीची आशा असते.

हे तुम्हाला माहीत आहेच, कारण स्कीन्सच्या वेळी तुम्ही हे अंगावर घेतलंत. २०२४मध्ये तो ११ मेला मैदानात उतरला. वर्षअखेर तो सर्वोत्तम नवोदित ठरला, त्यामुळे पूर्ण वर्ष त्याला मिळालंच. आणि तो पहिल्या दिवसापासून संघात नसल्याने जादा निवड तुम्हाला मिळाली नाही. जपून आणायचा तुमचा हेतू शुद्ध असेल. पण हाती काय लागलं? एप्रिलमधले त्याचे सामने तेवढे वाया गेले, आणि असे सामने जिंकायची तुम्हाला किती गरज असते ते वर लिहिलंच आहे.

ग्रिफिनच्या बाबतीत मार्चमध्ये हाच प्रश्न येईल. माझं मत विचाराल तर तो मार्चमध्ये तयार नसेलही. डबल एमध्ये जेमतेम २१ सामने झालेत त्याचे, आणि विटला पूर्ण वर्ष लागलं होतं. खाली ठेवायचं असेल तर ठेवा. पण कारण बेसबॉलमधलं द्या. कोणत्या चेंडूवर त्याची बॅट उशिरा येते, शॉर्टस्टॉपला त्याला अजून किती डाव हवेत, ते तुमच्या जनरल मॅनेजरांनी, बेन चेरिंग्टन यांनी, लोकांसमोर सांगावं. आणि तयार असेल तर पहिल्याच दिवशी आणा, आणि त्याची सरासरी .२५४ झाली म्हणून जूनमध्ये परत पाठवू नका.

कराराचंही बोललं जातंय. मिलवॉकीने जॅक्सन चोरिओला मेजर लीगचा एकही सामना खेळण्याआधी आठ वर्षांसाठी ८ कोटी २० लाखांत बांधलं. तसं काही ग्रिफिनसाठी कराल, अशी आशा अनेकांना आहे. करा. १९ वर्षांच्या मुलाला एवढ्या पैशाला नाही म्हणणं अवघड असतं, हे तुम्हालाही कळतं आणि त्याच्या एजंटलाही. पण तसा करार झाल्यावर ‘आम्हीही आमच्या विटला सांभाळलं’ असं पत्रक मात्र काढू नका. शर्मन यांनी पैसे मोजले ते दोन हंगाम बघून, भाव चढल्यावर. आधीच स्वस्तात बांधून ठेवणं हा व्यवहार आहे, चांगलाही असू शकतो, मॅकचेनच्या वेळी तो होताच. मॅकचेनचं पुढे काय झालं ते गावाच्या लक्षात आहे.

शेवटी एक गंमत. २०२४च्या ड्राफ्टमध्ये ग्रिफिनला न घेता पुढे गेलेल्या आठ क्लबांत कॅन्सस सिटीही होतं. सहाव्या क्रमांकावर त्यांनी फ्लोरिडा विद्यापीठाचा जॅक कॅग्लियानोन निवडला. ज्यांच्या अंगणात खरा विट रोज खेळत होता, त्यांना हा मुलगा दुसरा विट वाटला नाही. किंवा वाटूनही त्यांनी दुसरं काही पसंत केलं. तुमच्या स्काउटांनी मात्र त्याला हेरलं, स्विंगवरच्या शंका ऐकूनही हेरलं. त्यांचं काम चोख झालं. आता मार्चअखेर संघ जाहीर होईल तेव्हा तुमच्या वाट्याचं काय होतं, ते बघायला आम्ही तिकिटं काढून बसलेलो असू. तोवर त्या तिकिटांच्या जाहिरातीत विटचं नाव येणार नाही एवढं बघा.

कळावे,
पिट्सबर्गचा एक मराठी प्रेक्षक